एकशेवीसचा रोल

"मीडियम?" काउंटरवरचा पोरगा म्हणाला,
"टी-शर्ट समोरच्या दुकानात."
अठरा जुलैच्या रस्त्यावरचं हे चौथं दुकान.
तिसऱ्यात निदान एक बाई हळहळली होती,
म्हणाली, होते की, सासऱ्यांच्या वेळी, हिरव्या खोक्यांत,
आता तिथं मोबाइलची कव्हरं.

मोंतेविदेओत एकशेवीसचा रोल हवा असेल
तर शुक्रवारी बंदरावर जायचं,
ब्वेनोस आइरेसच्या संध्याकाळच्या बोटीला.
दार्दो उतरतो. काखेत थर्मास, हातात मातेचा भोपळा
आणि लोकरी मोज्यांत गुंडाळलेले पाच रोल,
एक्स-रेच्या यंत्रापासून वाचवलेले,
गावाहून अंडी आणावीत तसे.
भाव विचारला की तो नदीकडे बघतो.
नदी एवढी रुंद, एवढी गढूळ
की पैसे देऊन टाकावेसे वाटतात.

माझ्याकडचा रोल मात्र दार्दोचा नव्हता.
आईच्या फ्रिजमध्ये सापडला, चीजच्या डब्यामागे,
ती गेल्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात.
काढून झालेला. पट्टी जिभेनं ओली करून चिकटवलेली.

शाळाशाळांतून फोटो काढायची ती.
पांढरे अंगरखे, गळ्याशी निळे बो,
एकेका वर्गातून बारा पोरं, कारण रोलवर बारा.
तेरावं रडायचं.
रोल संपला की ती पट्टी चाटायची, पाकीट चिकटवावं तशी.
कशी लागते, मी विचारलं होतं.
"पगारासारखी," म्हणाली. "चव कळेपर्यंत संपते."

वॉशिंग्टन एचेगाराय
(त्या पिढीत आमच्याकडे अशीच भारदस्त नावं ठेवायचे,
त्याचा भाऊ मिल्टन गटारं साफ करायचा)
सेर्रोच्या चढावर राहतो,
मांसाचा कारखाना बंद पडला त्याच्या वरच्या अंगाला.
न्हाणीघर हीच लॅब. खिडकीला काळं रेक्झिन,
दाराच्या फटीत ओला टॉवेल.
"मार्चनंतर नाही," म्हणाला. "फिक्सर मिळत नाही.
मिळाला तर बायको राहणार नाही."

दिवा घालवला.
डोळे उघडे की मिटलेले, बोटानं चाचपून बघावं
असला काळोख, व्हिनेगरच्या वासाचा.
"पट्टी तू तोड," तो म्हणाला. "तुमच्या घरातली आहे."

तुटली. जरासा कोरडा आवाज.
कागद उलगडत गेला, पायाशी त्याची भेंडोळी,
आणि अगदी शेवटी, जिथं फिल्म
टेपनं कागदाला धरून असते, तिथं मी ओढलं

निळं.
रेघभर. काडी न ओढता पेटलेलं.
विझलंही.

"दिसलं?" काळोखातून वॉशिंग्टन. "टेप ओढली की होतं.
काही बिघडत नाही फिल्मचं."
एकेचाळीस वर्षं तो हे बघतोय
आणि बायकोला एकदाही दाखवता आलेलं नाही,
ती दार उघडून आत येते ना.
मी म्हटलं, पुन्हा.
"एका रोलला एकदाच."

मग डबा उलटा, डबा सुलटा, चौदा मिनिटं,
मधे माते, एकाच नळीनं आळीपाळीनं,
त्याच्या बोटांना येणारा तो वास मातेलाही.

टबावरच्या दोरीला, बायकोच्या मोज्यांशेजारी,
चिमट्याला टांगली. बारातल्या आठ कोऱ्या.
नववीत गॅसची शेगडी.
दहावीत तीच शेगडी, जरा जवळून.
अकरावीत एक बोट, लेन्सवर आलेलं, आडवं, फुगलेलं.
दिसत नव्हतं तिला तोवर. आम्हाला सांगितलं नव्हतं.
बारावीत शेजारच्या कुत्र्याची पाठ,
चौकटीतून निम्मी बाहेर पडलेली.

मी हजाराची नोट दिली. सुटे नव्हते त्याच्याकडे,
म्हणून डबाच दिला, आतल्या फिरकीसकट.
झाकणाला तडा होता.
"टेप लाव," दारात उभा राहून म्हणाला.
"काळी. दोन वेढे."